न दिसण्याचा हक्क

सुरतेत आमच्या चिरंजिवांचे बिऱ्हाड ‘पाल’ नावाच्या वस्तीत आहे. बडोद्याच्या स्नेह्यांना हा पत्ता सांगताना मला नेहमी हसू येई. या उन्हाळ्यात तेथे महिनाभर राहून आलो आणि पत्ता शब्दशः खरा ठरला. घरात पाऊल टाकताच अकरा वर्षांच्या नातवाने हात धरून मला आपल्या खोलीत नेले आणि टेबलावरची काचपेटी दाखवली. आत पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली वीतभर लांबीची पाल बसली होती. ‘लेपर्ड गेको’ हे तिचे नाव. वाढदिवसाची भेट म्हणून ती घरात आली होती!

आमच्या सौ. दाराशीच थबकल्या. पंचांगातले पल्लीपतनाचे कोष्टक पाठ असलेल्या घरात त्या वाढल्या. शेजारच्या सुरती आजीबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला होता, “घरमां आटली गरोळी छे, ने तमे पैसा आपीने लाव्या?” हा सवाल मलाही बिनतोड वाटला. पण प्राणी घरात येऊन चुकला होता. तो का आणला, यापेक्षा आता त्याला कसे ठेवायचे, हा प्रश्न अधिक निकडीचा होता.

पेटी मात्र दृष्ट लागावी अशी सजवली होती. तळाला निळी वाळू, मधोमध प्लास्टिकचा माड, एक चिमुकला पूल आणि वर अहोरात्र जळणारा दिवा. आपल्याच वस्तीत महानगरपालिकेने २०१४ साली उघडलेले मत्स्यालय नातवाने अनेकदा पाहिलेले. तसाच काहीसा देखावा त्याच्या मनात होता. देखावा साधला होता, पण पाल कोपऱ्यात काचेला नाक लावून बसली होती. तीन दिवसांत तिने एक किडा तोंडात धरला नव्हता. नातू मधून मधून काचेवर टिचकी मारी आणि म्हणे, “आजोबा, ही हलत का नाही?”

मग आम्ही दोघांनी वाचायला घेतले. या जातीचे वर्णन एडवर्ड ब्लाइथ या शास्त्रज्ञाने १८५४ साली केले. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातील खडकाळ, कोरडा मुलूख हे तिचे माहेर. आपल्या भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, हिला असतात. भिंतीवरच्या पालीच्या बोटांखाली चिकटून चालण्याची गादी असते, ती हिला नाही. म्हणून ही काचेवर चढत नाही, जमिनीवरच चालते. दिवसभर दगडाखाली दडून राहायचे आणि तिन्हीसांजा झाल्यावर भक्ष्याला बाहेर पडायचे, हा तिचा क्रम. अशा प्राण्याला आम्ही चारही बाजूंनी उघड्या काचेत, भर उजेडात बसवले होते. ती हलत नव्हती, कारण पळायला जागा नव्हती आणि लपायलाही नव्हती.

दुसऱ्या दिवशी पेटी रिकामी केली. निळी वाळू टाकून दिली. भक्ष्याबरोबर ती पोटात गेली तर आतडी तुंबतात. बागेतली माती, थोडी चिकणमाती आणि साधी वाळू कालवून, चेपून, वाळवून तिचा उतार केला. फरशीचे चपटे तुकडे एकावर एक रचून कपारी केल्या. यात एक खबरदारी घ्यावी लागते. दगड मातीवर न ठेवता थेट पेटीच्या तळावर टेकवावेत, नाहीतर पाल खाली उकरते आणि दगड तिच्या अंगावर बसतो. एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारवा हवा. ऊन टोकाचा दगड बत्तीस अंशांच्या आसपास आणि थंड टोक पंचवीसच्या जवळ असले, की जनावर आपल्या गरजेप्रमाणे इकडे तिकडे सरकते. पुस्तके थंड देशांतली, म्हणून ती दिवा लावायला सांगतात. सुरतेच्या वैशाखात तापमापक ठेवून पाहिला, तेव्हा दिव्याखाली पारा चाळिशीला टेकला होता! दिवा काढला. खरी अडचण गारव्याची होती, आणि ती फुटक्या माठाने सोडवली. त्याचे एक मोठे खापर थंड टोकाला पालथे घातले, त्याखाली ओलसर शेवाळ ठेवले आणि खापरावर रोज पाणी शिंपडू लागलो. कात टाकताना या पालीला अशी दमट जागा लागतेच. नाहीतर बोटांवर कात अडकून बोटे झडतात. पाण्याची उथळ वाटी ठेवली आणि रातकिड्यांना कॅल्शियमची पूड लावून ते सोडले. एकूण खर्च प्लास्टिकच्या माडापेक्षा कमी आला.

आणि पाल नाहीशी झाली! पहिला दिवस गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. ती खापराखाली होती, पण शेपटीचे टोकही दिसेना. नातवाचा चेहरा पडला. सूनबाई म्हणाल्या, “बाबा, एवढे पैसे घातले ते काय माती बघायला?”

मला जे सांगायचे आहे ते या प्रश्नापाशी आहे. प्राण्याचे घर बांधताना आपण नकळत आपल्या डोळ्यांसाठी बांधतो. लहानपणी सयाजीबागेत, १८७९ सालच्या त्या जुन्या बागेत, जनावर आडोशाला गेले की आम्ही मुले आरडाओरडा करून त्याला बाहेर काढू पाहत असू. ते दिसले नाही, तर आपण फसवले गेलो असे वाटे. साठ वर्षांनंतर नातू काचेवर टिचकी मारीत होता ती त्याच भावनेने. माझे मत असे झाले आहे की, जिथे प्राण्याला हवे तेव्हा दिसेनासे होता येते, तेच त्याचे खरे घर. बाकीची सारी शोकेस. नैसर्गिक देखाव्याची पेटी आणि नैसर्गिक पेटी यांत फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे.

कोणी म्हणेल, मग पाळावीच कशाला? हा प्रश्न मी टाळणार नाही. ही पाल पेटीत पंधरा-वीस वर्षे जगते. आज अकरा वर्षांचा असलेला मुलगा शिकून, नोकरीला लागून, कदाचित परगावी जाईल, तेव्हाही खापरावर पाणी शिंपडायला कोणीतरी लागेल. हे मी चिरंजिवांना स्पष्ट सांगितले. विकत घेण्यापूर्वी सांगणारे कोणी असते तर बरे झाले असते. आणि रानातून पकडलेले जनावर तर घरी आणूच नये. ईशान्येकडची ‘टोके’ नावाची मोठी पाल औषधाच्या खोट्या आशेने इतकी पकडली गेली, की २०१९ साली तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालावे लागले. लेपर्ड गेकोची एक सख्खी बहीण आपल्या महाराष्ट्र-गुजरातच्या खडकाळ रानांत राहते. विषारी समजून लोक तिला ठेचतात. वास्तविक कोणतीच पाल विषारी नसते.

आपल्या मुलखातल्या पालींची ओळख अजून पुरती झालेलीही नाही. २००९ साली वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुजरातच्या खडकांवर राहणारी एक पाल शास्त्राला नवी म्हणून नोंदवली. तिच्या नावातच गुजरात आहे. त्या सहकाऱ्यांत आपल्या बडोद्याचे राजू व्यास होते. आपण झाडू घेऊन जिच्यामागे धावतो तिच्या गोतावळ्यात शोधण्यासारखे अजून इतके शिल्लक आहे.

पाचव्या रात्री जेवणे आटोपल्यावर नातू दिवा मालवून पेटीपासून चार हात दूर, मांडी घालून बसला. टिचकी मारायची नाही, एवढी एकच अट मी घातली होती. बऱ्याच वेळाने खापराच्या कडेला डोके दिसले. ती सावकाश बाहेर आली, वाटीतले पाणी जिभेने चाटले, शेपटीचे टोक थरथरवले आणि रातकिडा टिपला. मुलगा श्वास रोखून पाहत होता. पुढे रोज रात्री तो तसाच बसू लागला. ती कधी येई, कधी येत नसे. न आलेल्या रात्रीही तो रडवेला होईनासा झाला, हे मला विशेष वाटले.

शेजारच्या आजीबाईंच्या सवालाचे उत्तर माझ्याकडे आजही नाही. त्यांच्या गॅलरीतल्या दिव्याखाली भिंतीवरची पाल फुकट पतंग टिपते आणि वाटेल तेव्हा ट्यूबलाइटमागे जाऊन बसते. तिच्यासाठी आपल्याला काहीच बांधायचे नाही. फक्त झाडू खाली ठेवायचा आहे. ज्यांना पाल पाळायची नाही त्यांनी एवढे करावे. ज्यांनी पाळली आहे त्यांनी माड काढून खापर ठेवावे. निघण्याच्या दिवशी आमच्या सौ.नीच नातवाला बजावले, “माठ फुटला की टाकू नकोस रे, तिला लागेल.”