चिठ्ठीवर ग्रॅम लिहा

"डॉक्टर, पाकिटातलं बंद केलंय, आता घरचंच शिजवून घालतो." लहान जातींच्या कुत्र्यांचे मालक हे वाक्य आताशा वरचेवर ऐकवतात. त्यावर आपली उत्तरे ठरलेली असतात. एक तर "घरचं अजिबात नको", नाहीतर "चालेल, फक्त मीठ-मसाला घालू नका". पहिल्या उत्तराने मालक शिजवणे थांबवत नाही, आपल्याला सांगणे थांबवतो. दुसऱ्याने त्याला परवानगी मिळते, पण आहार मिळत नाही. घरचे खाणाऱ्या कुत्र्याला औषधासारखी आहाराची चिठ्ठी मिळाली पाहिजे, तीही ग्रॅममध्ये, आणि ती लिहिणे हे आपले काम आहे, असे आम्हाला ठामपणे वाटते.

घरच्या अन्नाकडे वळणाऱ्यांना हट्टी ठरवण्यात अर्थ नाही. २००७ साली अमेरिकेत मेलामाइनची भेसळ असलेले खाद्य खाऊन कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि कंपन्यांना माल परत मागवावा लागला. वाटीत काय पडते ते आपल्या डोळ्यांनी पाहावे, असे एखाद्याला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. शिवाय आपल्याकडच्या कुत्र्यांच्या कित्येक पिढ्या दूध-पोळीवर आणि वरण-भातावर वाढल्या. भाताशी आपले भांडणही नाही. लांडग्याच्या तुलनेत कुत्र्यात अमायलेजच्या जनुकाच्या प्रती कितीतरी जास्त असतात, हे २०१३ मध्येच 'नेचर'मधून पुढे आले आहे. शिजवलेला भात त्याला उत्तम पचतो.

खरा प्रश्न मापाचा आहे, आणि लहान कुत्र्यात चुकायला जागाच नसते. तीन किलोचा, नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये राहणारा पॉमेरेनियन घ्या. नेहमीच्या सूत्राने, म्हणजे वजनाच्या ०.७५ घाताला ७० ने गुणून, त्याची विश्रांतीची गरज सुमारे १६० कॅलरी येते. दिवसभराची गरज २२० ते २५०. यात एक मध्यम पोळी साधारण १०० कॅलरींची आणि वरचे चमचाभर तूप ४५ची. आजोबांनी चहाबरोबर दिलेली दोन बिस्किटे धरली की दिवसाचा बहुतेक कोटा संपला, आणि प्रथिनांचा अजून पत्ता नाही. म्हणून "काय खातो?" एवढे विचारून भागत नाही. घरात कोण कोण, केव्हा आणि काय देते, हे एकेका माणसाला विचारावे लागते.

आता याच कुत्र्याला ७५ ग्रॅम उकडलेले बोनलेस चिकन आणि तेवढाच शिजलेला भात द्या. कॅलरी जवळजवळ बरोबर बसतात. फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास मिळतो. कॅल्शियम मात्र जेमतेम २० मिलिग्रॅम, गरज २५० ते ३००ची. फरक भरून काढायला अंड्याच्या टरफलाची बारीक पूड पाऊण ग्रॅमच्या आसपास लागते, म्हणजे पाव चमच्यापेक्षाही कमी. इतकी लहानशी गोष्ट, पण ती चिठ्ठीवर नसेल तर वर्षानुवर्षे वाटीत पडत नाही. दुकानातल्या कॅल्शियमच्या बाटलीने काम भागेलच असे नाही. अशा अनेक बाटल्यांत फॉस्फरसही असतो, तेव्हा लेबल वाचून कॅल्शियम कार्बोनेट निवडावे. कोवळ्या उन्हात बसवून 'ड' जीवनसत्त्वाची सोय होते, ही समजूतही आपणच खोडली पाहिजे. कुत्र्याच्या त्वचेत ते पुरेसे तयार होत नाही.

ही कमतरता दडून राहते, म्हणून ती जास्त घातक. पॅराथायरॉइड हाडांतून कॅल्शियम ओढत राहते, रक्ताच्या रिपोर्टात आकडा नॉर्मल दिसतो, कुत्रा आनंदाने वाटी चाटूनपुसून रिकामी करतो आणि मालक समाधानी असतो. पिल्लात तेच चित्र काही आठवड्यांत लंगडण्याने आणि वाकलेल्या, सहज मोडणाऱ्या हाडांनी समोर येते. वाढत्या पिल्लाला आणि गाभण किंवा पाजणाऱ्या मादीला अंदाजाचे घरगुती अन्न नकोच, हे स्पष्ट सांगावे. लहान मादीला गाभणपणात भरमसाट कॅल्शियम पाजण्याची प्रथाही थांबवली पाहिजे. त्यानेच व्यायल्यावर एक्लाम्प्सियाचा धोका वाढतो.

पुस्तकात छापलेली किंवा इंटरनेटवरची पाककृती मालकाच्या हाती देऊन मोकळे होणेही बरोबर नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये कुत्र्यांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी होता. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्याही होत्या. जस्त, कोलिन, तांबे यांची उणीव वारंवार आढळली. भाज्यांचे रंग वाढवून ती भरून निघत नाही. खनिज-जीवनसत्त्वांचे मिश्रण नाव आणि मात्रेसह लिहूनच द्यावे लागते.

चिठ्ठी लिहिताना आपली स्वयंपाकघरे डोळ्यांसमोर हवीत. चिकन वेगळे उकडायचा कंटाळा आला की रश्श्यातले तुकडे नळाखाली धुऊन दिले जातात. मसाला धुतला जातो, कांद्या-लसणाचा अर्क मांसात उतरलेला असतो, आणि शिजवल्याने कांद्याचा विषारीपणा जात नाही. तांबड्या पेशी फुटून पांढुरक्या पडलेल्या हिरड्या घेऊन लहान कुत्रा आला, तर हा प्रश्न आधी विचारावा. श्रावण लागला की कित्येक घरांत चिकनच काय, अंडेही बंद होते, आणि कुत्रा महिनाभर दूध-भातावर येतो. ज्या घरात हे होणार ते आपल्याला माहीत असते. त्यांच्यासाठी पनीर आणि डाळीचा पर्यायी आहार आषाढातच हिशेब करून, त्यातही ग्रॅम घालून, हातात द्यावा.

मालकाला स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा घ्यायला सांगा. दोन आठवड्यांनी, मग दर महिन्याला वजन, नऊ अंकी शरीरस्थिती आणि मांडीचे स्नायू केस पेपरवर नोंदवा, आणि दर खेपेला वाटीत प्रत्यक्ष काय पडते ते नव्याने विचारा, कारण पाककृती घरोघरी हळूहळू बदलत जाते. पाच किलोच्या आतल्या कुत्र्यांसाठी तुम्ही लिहिलेल्या अशा चिठ्ठ्या, मालकाचे नाव वगळून आणि नंतरच्या वजनांसह, आमच्याकडे पाठवा. पोषणतज्ज्ञांकडून तपासून घेऊन त्या दुरुस्त्यांसकट छापायची आमची इच्छा आहे.