आधीं वाणी, मग लेखणी

जपानी भाषा शिकूं इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातीं पहिल्याच दिवशीं लिपीचा तक्ता द्यावयाचा आणि तोंड उघडण्यापूर्वींच त्यास कित्त्याला जुंपावयाचें, ही पद्धति आम्हांस सर्वस्वीं उफराटी वाटते. ‘लिपि हा पाया, पायावांचून इमारत कशी उभी राहणार?’ असें तिचे कैवारी विचारतात. परंतु लिपि हा भाषेचा पाया, हेंच आम्ही नाकारतों. चिनी अक्षरें जपानांत पोंचण्यापूर्वीं कित्येक शतकें तेथील लोक आपली भाषा बोलतच होते. आणि आजहि तेथील मूल अस्खलित बोलूं लागल्यावरच शाळेंत जातें व प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १०२६ चिनी अक्षरें शिकतें.

लिपीचा व्याप तरी केवढा! हिरागाना व काताकाना यांचीं प्रत्येकीं ४६ मूळ अक्षरें; शिवाय २०१० सालच्या सरकारी यादीप्रमाणें नित्य व्यवहाराचीं २१३६ चिनी अक्षरें. त्यांतहि एकेकाचे उच्चार अनेक. जीवन या अर्थाचें एकच अक्षर ‘सेन्सेइ’ (गुरुजी) या शब्दांत ‘सेइ’ होतें, ‘इस्शो’ (जन्मभर) यांत ‘शो’ होतें, तर ‘इकिरु’ (जगणें) यांत नुसतें ‘इ’. हे शब्द ज्याच्या जिभेवर आधींच खेळत आहेत, त्यास हें अक्षर म्हणजे ओळखीच्या माणसांचें सामाईक घर. इतरांस तें केवळ पाठांतराचें ओझें.

प्रतिपक्षाचा एक आक्षेप मात्र विचारार्ह आहे. जपानींत समोच्चारी शब्द फार. ‘कागाकु’ म्हणजे विज्ञानहि आणि रसायनशास्त्रहि. अक्षर पाहिल्यावांचून भेद कसा कळावा? पण दूरध्वनीवर अक्षरें दिसत नाहींत, तरी जपानी माणसाचें कांहीं अडत नाहीं. संदर्भ अर्थ सांगतो. उलट ‘हाशि’ म्हणतांना स्वर चढला तर पूल आणि उतरला तर जेवणाच्या काड्या, हा भेद हिरागानांत लिहून दाखवितां येत नाहीं. तो कानानेंच शिकावा लागतो.

मराठी विद्यार्थ्यास तर बोलणें विशेष सुलभ. कर्ता, कर्म, क्रियापद हा क्रम आपलाच; विभक्तीचे प्रत्ययहि आपल्याप्रमाणें नामामागून येतात. दार असें उघडें असतां त्यास भिंतीवरून चढावयास लावणें हा कोठला न्याय?

मग ही रीत टिकली कां? आमच्या मतें परीक्षेमुळें. जगभर मान्य असलेली जपानी भाषेची प्रावीण्य-परीक्षा १९८४ पासून चालू आहे. पुण्यासहि ती होते. तींत शब्द, व्याकरण, वाचन, ऐकणें, सर्व आहे; बोलणें मात्र नाहीं! जें तपासलें जात नाहीं तें शिकविलेंहि जात नाहीं. आणि प्रमाणपत्र मिळविलेला तरुण जपानी पाहुण्यापुढें मुका उभा राहतो. शेक्सपिअरचा अन्वय लावणारे, पण चार वाक्यें बोलतांना घामाघूम होणारे इंग्रजीचे पदवीधर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या निपजले. तोच वारसा जपानीस कशाला?

लिपि नकोच असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यावांचून जपानी साहित्य कुलुपबंदच राहील. आमचें म्हणणें क्रमापुरतें आहे: प्रथम कांहीं महिने कान व जीभ, नंतर हिरागाना-काताकाना, आणि मग तोंडीं रुळलेल्या शब्दांचीं चिनी अक्षरें. शिक्षकांनीं एवढें केलें तर अर्ध्यावर वर्ग सोडून जाणारे विद्यार्थी थांबतील, आणि थांबलेले बोलूं लागतील.