हत्तीरोग फक्त पायालाच होत नाही, भाऊ

हत्तीरोगाच्या गोळ्यांची मोहीम आली की आमच्या पूर्व विदर्भात दरवर्षी तोच फोटो येतो. साहेब तोंडात गोळी टाकताहेत, बाजूला आशाताई, मागे फ्लेक्स आणि फ्लेक्सवर सुजलेला पाय. कायम पायच. वीस वर्षं बातम्या करतोय, त्या फ्लेक्सवर दुसरं काही पाहिलं नाही.

जे फ्लेक्सवर नसतं त्याबद्दल लिहितो. वाचायला अवघड वाटलं तरी शेवटपर्यंत वाचा.

पुरुषाच्या अंडकोषात पाणी भरतं. डॉक्टर त्याला हायड्रोसील म्हणतात, गावात काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्याची कारणं इतरही आहेत, पण गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर, वर्धा या पट्ट्यात पहिला संशय हत्तीरोगाच्या जंतावरच घ्यायला हवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या जंतामुळे हायड्रोसील झालेले पुरुष जगात अडीच कोटींच्या आसपास आहेत आणि हातपाय सुजलेले लोक दीड कोटींच्या वर. म्हणजे ज्या दुखण्याचा फोटो आपण लावतो त्याहून न लावलेलं दुखणं मोठं आहे!

हा जंत क्युलेक्स डासातून येतो. गटार, तुंबलेली नाली, संडासाची टाकी, असल्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री चावणारा डास. मोठे जंत लसिकावाहिन्यांत घर करतात आणि वर्षानुवर्षं जगतात. पुरुषात त्यांची आवडती जागा म्हणजे अंडकोषाजवळच्या वाहिन्या. सोनोग्राफीत ते तिथे जिवंत वळवळताना दिसतात, डॉक्टर त्याला चक्क ‘फायलेरियाचा नाच’ म्हणतात. बाहेरून मात्र कित्येक वर्षं काहीच कळत नाही. ना ताप, ना सूज. माणूस धडधाकट दिसतो.

आता मूल होण्याचा प्रश्न. निसर्गानं अंडकोष शरीराबाहेर ठेवलाय तो शोभेसाठी नव्हे. शुक्रजंतू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन-तीन अंश कमी उष्णता लागते. भोवती वर्षानुवर्षं पाण्याची पिशवी साचली की उष्णता अडकते, दाब वाढतो आणि काही जणांत शुक्रजंतू तयार होणं मंदावतं किंवा थांबतं. जंतामुळे आजूबाजूच्या नळ्यांना सूज येते ती वेगळीच. वीर्याच्या तपासणीत या जंताची पिल्लं दिसल्याच्या नोंदी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी केलेल्या आहेत. हायड्रोसील झालेल्या प्रत्येकाचं असं होतं असं मुळीच नाही, कित्येकांना चारचार लेकरं आहेत. पण ज्याला होत नाही, त्याची तपासणी तरी होते का?

नाही होत. तपासणी होते बाईची. लग्नाला तीन वर्षं झाली की सून तालुक्याच्या दवाखान्यात, मग जिल्ह्याच्या, मग नागपूरला. नळ्या तपासा, गोळ्या खा, मग अंगारा, मग नवस, मग कुणीतरी सुचवतं की दुसरी करा. या सगळ्यात नवरा बाहेर बाकावर बसून मोबाईल पाहत असतो. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत, हे कुठलाही डॉक्टर सांगेल. वीर्यतपासणी ही यातली सगळ्यात स्वस्त आणि सोपी तपासणी. ती सगळ्यात शेवटी का? ‘पोराला कशाला लाज आणता’ म्हणून. म्हणजे लाज त्याची आणि सुया तिला. मी तर म्हणतो, सुनेची पहिली सोनोग्राफी करायच्या आधी नवऱ्याला आत बोलवा, धोतर असो की जीन्स.

आता सरकारकडे वळू. हत्तीरोग नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५५ पासून आहे. २००२ च्या आरोग्य धोरणात लिहिलं, २०१५ पर्यंत उच्चाटन. २०१७ च्या धोरणात लिहिलं, २०१७ पर्यंत. आता म्हणतात २०२७. तारीख बदलते, नाली तीच. नगरपंचायतीत ठराव फवारणीचा होतो, नाली उपसण्याचा होत नाही, कारण फवारणीचा धूर फोटोत येतो.

गोळ्यांचंही तसंच. नियम आहे की गोळी कर्मचाऱ्यासमोर गिळायची, उपाशीपोटी नाही. दोन वर्षांखालची मुलं, गरोदर बाया आणि गंभीर आजारी सोडून सगळ्यांनी. प्रत्यक्षात ‘ठेवून जा, जेवल्यावर खातो’ आणि गोळ्या फळीवर. कागदावर ‘वाटप’ भरतं, पोटात काही जात नाही. त्यातून कुणाला गोळीनंतर ताप-डोकेदुखी झाली की गावभर बोंब, ‘गोळीनं माणूस आजारी पडला.’ अरे बाप्पा, रक्तातली पिल्लं मरतात तेव्हा अंगात तशी प्रतिक्रिया येते. म्हणजे जंत होताच तुझ्यात! पण हे आधी समजावून सांगायचं कोणी? एकेका आशाताईच्या डोक्यावर किती कामं लादलीत ते सगळे जाणतात. मानधन वेळेवर द्यायचं नाही आणि उच्चाटन मात्र तिनं करायचं.

आणि एक लक्षात घ्या, एकदा पाणी भरलं की गोळी ते उतरवत नाही. त्याला ऑपरेशनच. कमरेखालचा भाग बधिर करून होणारं, सरकारी दवाखान्यात होऊ शकणारं ऑपरेशन. तरी माणसं दहा-दहा वर्षं लुंगी सैल बांधून फिरतात. सायकल सुटते, बांधीतलं काम सुटतं, लग्नाच्या पंगतीत मांडी घालून बसणं सुटतं. कारण आपण हसतो. पारावर त्याच्या चालण्याची नक्कल करणारे आपणच.

म्हणून पुढच्या मोहिमेच्या पत्रकार परिषदेत मी आकडे विचारणार आहे, आणि तुम्ही ग्रामसभेत विचारा. तालुक्यात हायड्रोसीलचे रुग्ण किती नोंदवलेत? नोंद करायला पुरुष कर्मचारी गेला होता की आशाताईनं दारातूनच विचारलं? मागच्या वर्षी ऑपरेशनं किती झाली, किती जण यादीत ताटकळलेत, आणि उपजिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सक आठवड्यातून कोणत्या वारी असतो? ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणाले तर तारीख लिहून घ्या.