किती बारीक दळायचं?

दळणाच्या जाडीसाठी मराठीत किती शब्द आहेत पाहा. भरड, जाडसर, रवाळ, मऊ आणि सर्वांत शेवटी वस्त्रगाळ. लाडवाचं बेसन रवाळ हवं, थालिपिठाची भाजणी जाडसर, मोदकाची पिठी मऊ. म्हणूनच गिरणीवाला डबा उचलण्याआधी विचारतो, "कशासाठी पाहिजे?" माझं म्हणणं असं की प्रयोगशाळेतही हाच प्रश्न आधी विचारला गेला पाहिजे.

मी बी.ए. झालेला भाषेचा मास्तर. तरी या विषयात नाक खुपसतोय, कारण आमची एक पुतणी मातीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिच्याकडून बॉल मिलबद्दल बरंच ऐकलं. बॉल मिल म्हणजे झाकणबंद भांडं आणि त्यात कठीण गोळ्या. साधारण एक तृतीयांश गोळ्या, एक तृतीयांश नमुना आणि उरलेली जागा मोकळी, कारण गोळ्यांना उडायला वाव हवा. 'प्लॅनेटरी' प्रकारात भांडी एका चक्रावर बसवतात. चक्र एका दिशेने फिरतं, भांडी स्वतःभोवती उलट दिशेने. गोळ्या आपटतात, घासतात आणि काही मिनिटांत खड्याचं पीठ होतं. जास्त वेळ दिला तर कण मायक्रॉनपर्यंत, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत खाली येतो. वस्त्रगाळ शब्दसुद्धा इथे थिटा पडतो.

एवढं बारीक कशाला? एक हिशेब करून पाहा. एक हेक्टर शेताच्या वरच्या १५ सेंटिमीटर थराचं वजन सुमारे २२ लाख किलो भरतं. त्यातून प्रयोगशाळेत जाते अर्धा किलो माती. मातीतला कर्ब जाळून मोजणाऱ्या आधुनिक यंत्रात तर त्यातली काही मिलिग्रॅमच जाते. त्या चिमटीत चुकून पालापाचोळ्याचा एक तुकडा आला तर सगळा आकडा फिरला. म्हणून तिथे पीठच हवं आणि बॉल मिल कामाला येते. क्ष-किरणांनी मातीतली एकूण मूलद्रव्यं मोजायची असतील तिथेही बारीक दळण लागतं.

पण पिकाला मिळू शकणारं लोह किंवा जस्त मोजायचं असेल तर गणित उलटतं. तिथे माती सावलीत वाळवून, लाकडी मोगरीने ढेकळं फोडून २ मिलिमीटरच्या प्लॅस्टिक चाळणीतून गाळतात आणि डीटीपीए नावाच्या रसायनात हलवतात. ती माती बॉल मिलमध्ये घातली तर कण फुटून ताजे पृष्ठभाग उघडे पडतात आणि एरवी मुळांच्या वाट्याला न येणारं लोहही द्रावणात उतरतं. शिवाय भांडं आणि गोळ्या स्वतःही झिजतात. पोलादाच्या असतील तर नमुन्यात लोह आणि क्रोमियम मिसळतं, टंगस्टन कार्बाइडच्या असतील तर टंगस्टन आणि कोबाल्ट. अकीक म्हणजे सिलिकाच, पण लोह मोजताना तो परवडतो.

आता धोका कुठे आहे पाहा. लोहाची कमतरता ठरवायची प्रचलित मर्यादा किलोला ४.५ मिलिग्रॅम आणि जस्ताची ०.६. इतक्या लहान आकड्यांत थोडी भर पडली तरी 'कमी'चं 'पुरेसं' होतं. चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडलेला असतो, पानं पिवळी दिसत असतात आणि कागद म्हणतो लोह भरपूर आहे! शेतकरी बिचारा कागदावर विश्वास ठेवतो आणि भलत्याच खतावर पैसे घालतो.

२०१५ साली जमीन आरोग्य पत्रिकेची योजना आली. तिच्या बारा घटकांत लोह आणि जस्त आहेत, हे चांगलंच झालं. मात्र महागडं यंत्र आलं की सगळंच त्यात घालायचा मोह होतो आणि जितकं बारीक तितकं शास्त्रीय असा समज पसरतो. मला तो मान्य नाही. बारीकपणा हा गुण नाही, ते एक माप आहे. ते प्रश्नावरून ठरतं.

म्हणून माझी सूचना साधी आहे. माती परीक्षणाच्या प्रत्येक अहवालावर एक ओळ असावी: नमुना कशात दळला आणि किती मिलिमीटरच्या चाळणीतून गाळला. कुणी म्हणेल, शेतकऱ्याला त्यातलं काय कळणार? अहो, जन्मभर गिरणीत दळण नेणाऱ्या माणसाला हे कळणार नाही तर कुणाला कळणार? आणि त्याला नाही कळलं, तरी सल्ला देणाऱ्या कृषी सहायकाला कळेल. निदान ती ओळ लिहावी लागते म्हणून दळणारा तरी क्षणभर थांबेल.

'अति तेथे माती' असं आपण म्हणतो. इथे तर मातीच अति दळली जाते. तुमच्यापैकी कुणी अलीकडे माती तपासून घेतली असेल, तर नमुना कसा दळला होता हे विचारून पाहा आणि मलाही कळवा.