शेवंडीचे वजन निर्यातीच्या दारात नव्हे, समुद्रातच पाहावे

जळगाव (प्रतिनिधी) : खानदेशातून वाहणारी तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते; त्या समुद्रातील शेवंड मात्र खानदेशच्या बाजारात क्वचितच दिसते. तरीही तिची कहाणी हतनूरच्या जलाशयात जाळे टाकणाऱ्यांनीही लक्षात घ्यावी अशी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर चपट्या शेवंडीची आवक १९८० च्या दशकाच्या प्रारंभी शेकडो टनांत होती. १९९४ पर्यंत ती नाममात्र उरली. ट्रॉलरची जाळी समुद्राचा तळ खरवडत गेली आणि पोटाखाली अंडी धरलेल्या माद्याही त्यांत सरसकट आल्या.

केंद्र सरकारने २००३ मध्ये निर्यातीसाठी किमान वजन ठरविले. मुंबईकडील काटेरी शेवंडीसाठी ३०० ग्रॅम, तर चपटीसाठी १५० ग्रॅम. निर्णय योग्यच होता. परंतु हा काटा लागतो निर्यातीच्या दारात. तोवर शेवंड समुद्राबाहेर आलेली असते आणि निर्यातदाराने नाकारलेल्या मालाला स्थानिक बाजार मोकळाच राहतो. राज्य शासनाने २०२३ मध्ये पापलेट, बोंबील, सुरमईसह ५४ जातींसाठी पकडण्याची किमान लांबी निश्चित केली, हे पाऊल त्या मानाने अधिक मुळाशी जाणारे आहे.

अमेरिकेच्या मेन राज्यात नियम समुद्रातच सुरू होतो. तेथील लॉबस्टर (आपल्या शेवंडीचा नांग्या असलेला दूरचा नातलग) केवळ सापळ्यानेच धरता येतो. लहान जीव निसटावेत म्हणून सापळ्याला फट ठेवावी लागते. अंडी असलेली मादी मिळाल्यास शेपटीला खाच पाडून तिला सोडून देतात. पुढे ती अंड्यांविना सापडली तरी त्या खाचेमुळे तिला कोणी नेऊ शकत नाही. किनाऱ्यापासून दूर असलेल्या मोन्हेगन बेटावरील मच्छीमारांनी तर शंभराहून अधिक वर्षांपासून उन्हाळ्यातील लॉबस्टर-मासेमारी बंद ठेवली आहे.

सापळा आपल्यालाही नवा नाही. कन्याकुमारीकडील गावांत शेवंड सापळ्यांनी धरली जाते. सापळ्यातील जीव जिवंत हाती येतो, म्हणूनच तो परतही सोडता येतो आणि जिवंत शेवंडीला भावही चढा मिळतो. प्रश्न आहे तो नुकसान कोणी सोसायचे याचा. कोकणातील छोट्या होडीवाल्याने अंडी असलेली मादी आज सोडली आणि उद्या तीच ट्रॉलरच्या जाळ्यात गेली, तर त्याने परवा ती का सोडावी? राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यातील दंड २०२१ मध्ये वाढविण्यात आले. त्यांचा बडगा आधी ट्रॉलरवर पडला, तरच होडीवाल्याकडून संयमाची अपेक्षा करता येईल.