'फायनल' नावाची फाइल

परवा भाच्यानं लग्नपत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. फाइलचं नाव 'पत्रिका फायनल नवीन 2'. आधी हसू आलं, मग पोटात गोळाच आला. अकोल्याच्या मंडळींना कारण माहीत आहे. इतरांसाठी सांगतो.

2006 साली आत्याची पंचाहत्तरी होती. तिच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरलं. मी इथे अमरावतीत पेजमेकरवर पानं लावली, छपाई आत्याच्या गावी, अकोल्याला. दोन महिन्यांत फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल1', 'नवीन फायनल' आणि 'आत्या शेवटचं' अशा चार फाइली जमल्या. माझ्या डोक्यात सगळं स्पष्ट होतं! सीडी केली आणि एस.टी.नं निघालेल्या चुलतभावाच्या हाती दिली.

दुपारी प्रेसमधून फोन आला, "भाऊ, यातली कोनती छापू?"

मी घाईत होतो. म्हटलं, "सगळ्यात ताज्या तारखेची."

चूक तिथंच झाली. सीडी करण्याआधी एक फोटो बघायला मी जुनी फाइल उघडली होती आणि बंद करताना सवयीनं कंट्रोल-एस दाबलं होतं. कॉम्प्युटरच्या लेखी तीच सगळ्यात ताजी. त्या फाइलीत वंशावळीचं पान अपुरं होतं. आत्याचा धाकटा मुलगा लहानपणीच गेला, त्याचं नाव आम्ही नंतर घातलं होतं. तीनशे प्रती त्या नावाशिवाय छापून आल्या.

आत्यानं ते पान दोनदा पाहिलं आणि पुस्तिका मिटली. "राहू दे बाप्पा, मले त माहीत हाय ना," एवढंच म्हणाली. त्या रात्री आम्ही तिघांनी बसून प्रत्येक प्रतीत पेनानं ते नाव लिहिलं.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालंय. फाइलचं नाव आपल्यासाठी नसतं. आपण समोर नसताना जो ती उघडणार, त्याच्यासाठी असतं. गाडीवर एमएच 27 दिसलं की अमरावती, एमएच 30 दिसलं की अकोला. मालकाला विचारावं लागत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचे कपाशीचे वाण घ्या. 'एकेए' म्हटलं की देशी, 'एकेएच' म्हटलं की अमेरिकन. 'नवीन सरकी फायनल' असं नाव ठेवलं असतं तर पुढच्याच हंगामात गोंधळ झाला असता.

माझी पद्धत साधी आहे. एका कामाला एक फोल्डर, फोटो त्यातच. पेजमेकर मोठे फोटो पोटात घेत नसे, फक्त पत्ता लक्षात ठेवायचा. फोटो हलवला की शोधत बसा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: 2006-11-04. दिवस आधी लिहिला तर नोव्हेंबरची 4 तारीख ऑक्टोबरच्या 20 तारखेच्या आधी येऊन बसते. त्यापुढे कामाचं नाव आणि कितवा खर्डा ते. जुने खर्डे 'जुनं' नावाच्या फोल्डरात. 'छपाईला' या फोल्डरात एकच फाइल, दुसरी नाहीच. आणि 'फायनल' हा शब्द बंद! कोणती फाइल शेवटची, हे छापून झाल्यावरच कळतं.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला? आता सर्च आहे, शोधलं की सापडतं. सापडतं हो, पण चारही सापडतात. त्यातली खरी कोणती, हे सर्च सांगत नाही. ते ज्यानं काम केलं त्यानंच नावात लिहून ठेवायचं असतं. दहा सेकंदांचं काम आहे.

पेजमेकर केव्हाच बंद पडलं, 2001 सालची 7.0 ही त्याची शेवटची आवृत्ती. सवय मात्र गेली नाही. भाच्याला लगेच फोन केला, "नाव बदल, आणि आधीच्या फाइली कुणाकुणाला पाठवल्यास ते सांग."

"मामा, तुम्ही पण ना..." म्हणाला. पण बदललं.

पुस्तिकेची एक प्रत अजून माझ्या टेबलावर असते. त्यातलं पेनानं लिहिलेलं नाव थोडं पुसट झालंय, वाचता येतं.

तुम्ही कशी नावं ठेवता? जरूर लिहा.