हक्काला नोंद हवी



३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडले. पुढे व्यापाराची बोलणी शेवटपर्यंत अडली ती मासळीवर! मे २०२१ मध्ये फ्रान्सच्या मच्छीमारांनी होड्या नेऊन जर्सी बेटाचे बंदर अडविले. भांडण परवान्याचे होते. पूर्वी त्या पाण्यात मासेमारी केल्याचा पुरावा देईल त्यालाच परवाना, असा नियम झाला. मोठ्या बोटींची नोंद यंत्रावर होती. लहान होडीवाला मात्र पुराव्यापायी अडला. धंदा बापजाद्यांचा, पण कागद कुठे आहे?

हा प्रश्न आपल्या खाडीकाठालाही लागू आहे. जेएनपीटी बंदराच्या कामांमुळे रोजी बुडालेल्या १६३० मच्छीमार कुटुंबांना ९५ कोटी १९ लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश पुण्याच्या हरित लवादाने २०१५ साली दिला. अशा वेळी पहिला प्रश्न एकच असतो : खरा मच्छीमार कोण?

म्हणून होडीची नोंदणी, परवाना, सोसायटीच्या पावत्या जपून ठेवा. मासळी विकणाऱ्या भगिनींनी रोजची विक्री शिकल्या मुलांकडून वहीत लिहून घ्यावी. तोंडी हक्क साहेबाच्या टेबलावर टिकत नाही, हे कारकुनी करणारा मी रोज पाहतो.